स्टोरी स्लॅम

आपल्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट अनोळखी लोकांसमोर, हातात कागद न घेता, ठरलेल्या वेळेत सांगण्याचा जाहीर कार्यक्रम. आज तो अनेक देशांत निरनिराळ्या नावांनी होतो. त्याला सध्याचे रूप मिळाले ते मुख्यतः न्यूयॉर्कच्या ‘द मॉथ’ या ना-नफा संस्थेमुळे.

मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. संस्थेचे संस्थापक, कादंबरीकार जॉर्ज डॉझ ग्रीन, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात असताना सेंट सायमन्स बेटावर एका स्नेह्यांच्या पडवीत मित्रमंडळींसोबत रात्र रात्र गोष्टी रंगवत बसत. पडवीच्या जाळीला एक भोक होते. त्यातून पतंग आत शिरत आणि दिव्याभोवती घिरट्या घालत. मंडळी स्वतःलाच ‘पतंग’ म्हणवून घेऊ लागली. पुढे न्यूयॉर्कला आल्यावर ग्रीन यांना त्या पडवीची आठवण येई, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात पहिली बैठक भरवली. थोड्याच काळात ती कॅफे आणि क्लबांत गेली.

संस्थेच्या मुख्य रंगमंचावर निवडक निवेदक दहा-बारा मिनिटांची गोष्ट सांगतात. दिग्दर्शक आधी त्यांच्यासोबत बसून ती घडवून घेतात. वेळ संपत आल्याची खूण बहुधा व्हायोलिनच्या सुरांनी दिली जाते. स्लॅमचे, म्हणजे स्पर्धेचे, तसे नाही. तिथे कुणीही यावे. संध्याकाळचा विषय आधी जाहीर झालेला असतो. ज्यांना बोलायचे आहे ते आपले नाव चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकतात आणि पिशवीतून एकेक करून दहा नावे निघतात. पुढच्या चिठ्ठीवर आपले नाव असेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. त्यामुळे सभागृहातले निम्मे लोक मनातल्या मनात आपली पहिली ओळ घोळवत बसलेले असतात. वेळ पाच मिनिटे, वर एका मिनिटाची सवलत. प्रेक्षकांतूनच नेमलेले परीक्षकांचे तीन गट दहापैकी गुण देतात, तेही दशांशात. विजेते पुढे ‘ग्रँडस्लॅम’मध्ये उतरतात. मधल्या वेळात सूत्रसंचालक प्रेक्षकांनी त्याच विषयावर लिहून दिलेल्या निनावी चिठ्ठ्या वाचतात. मंचावर जायचे धाडस नसलेला माणूसही अशा रीतीने दोन ओळींत बोलून जातो.

गोष्ट खरी हवी, म्हणजे सांगणाऱ्याला जशी आठवते तशी. ती त्याची स्वतःची हवी. ऐकलेली किंवा दुसऱ्यावर बेतलेली चालत नाही. नुसते विनोद, भाषण किंवा तक्रारींचा पाढा म्हणजे गोष्ट नव्हे. काहीतरी पणाला लागलेले असावे आणि शेवटी सांगणारा सुरुवातीचा राहिलेला नसावा. निवेदकांना दिला जाणारा एक सल्ला फार मोलाचा आहे: जखमेतून सांगू नका, व्रणातून सांगा. दुःख अजून ओले असेल तर श्रोत्यांना सांगणाऱ्याची काळजी घ्यावी लागते. गोष्ट बाजूलाच राहते. पाठांतराबाबतही असेच शहाणपण आहे. पहिले आणि शेवटचे वाक्य पक्के ठेवावे, मधले आठवत जावे. कागद नसल्यामुळे माणूस अडखळतो, एखाद्या नावापाशी थांबतो, आणि माझ्या मते ऐकणाऱ्याचा विश्वास नेमका तिथेच बसतो.

२००८ मध्ये संस्थेचा पॉडकास्ट आणि २००९ मध्ये ‘द मॉथ रेडिओ अवर’ सुरू झाल्यावर या गोष्टी सभागृहाबाहेर पोचल्या. रेडिओ कार्यक्रमाला २०१० चा पीबॉडी पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला प्रसारणक्षेत्रातला मानाचा सन्मान, मिळाला. अमेरिकेबाहेर लंडन, मेलबर्न अशा शहरांतही स्लॅम भरले. शाळांमधून आणि तुरुंगांमधून घेतल्या जाणाऱ्या कार्यशाळा हे संस्थेचे कमी गाजलेले, पण मोठे काम आहे.

मराठी वाचकाला इथे कथाकथन आठवेल. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी कथा सांगून सभागृहे भरवली. पण ती लेखकाने रचलेली कथा होती आणि सांगणारा कसलेला कलावंत होता. स्लॅममध्ये उभी राहणारी परिचारिका किंवा टॅक्सीचालक आयुष्यात पहिल्यांदाच माईकसमोर आलेला असू शकतो. आपल्याकडे याच्या अधिक जवळ जाते ती जेवणानंतरची ओसरी, जिथे आजी ‘माझ्या लग्नात काय झालं माहितेय?’ म्हणते आणि उठू पाहणारे पुन्हा बसतात. मुंबई-पुण्यात आता अशा संध्याकाळी होतात, बहुतेक इंग्रजी-हिंदीत.