करिबाच्या भिंतीपासून: आफ्रिकेला विकास बँकांचे कर्ज कसे मिळत गेले

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि जागतिक बँकेचा आराखडा ठरला. आफ्रिकेतले चारच देश तिथे होते: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि गोऱ्यांच्या सत्तेखालचा दक्षिण आफ्रिका. भारतही तेव्हा पारतंत्र्यातच होता, पण त्याच्या शिष्टमंडळाला खुर्ची होती आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. केनिया, नायजेरिया किंवा आजचा घाना यांच्या वतीने बोलायला मात्र लंडनच. या विषयावर चर्चा निघाली की आपण व्याजदर आणि पतमानांकनापाशी थांबतो. मला वाटते, खरा प्रश्न त्याआधीचा आहे: कर्ज कोणाच्या नावावर निघते, आणि मागे हमीदार कोण?

कारण बँकेच्या घटनेतच अट होती की सभासद सरकारच्या हमीशिवाय कर्ज नाही. इथिओपिया स्वतंत्र होता, म्हणून १९५० साली त्याला रस्त्यांसाठी ५० लाख डॉलर स्वतःच्या नावावर मिळाले. १९५१ साली बेल्जियन काँगोला कर्ज मिळाले ते बेल्जियमच्या हमीवर. वसाहतींची पत म्हणजे मालकाची पत.

याचा सगळ्यात ठळक दाखला झांबेझी नदीवर आहे. १९५६ साली बँकेने करिबा धरणाच्या वीजप्रकल्पासाठी ऱ्होडेशिया-न्यासालँड संघराज्याला (आजचे झांबिया, झिम्बाब्वे आणि मलावी, तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात) ८ कोटी डॉलर दिले. एकाच प्रकल्पासाठी बँकेने तोपर्यंत दिलेले ते सगळ्यात मोठे कर्ज, हमी ब्रिटनची. वीज हवी होती तांब्याच्या खाणींना आणि दक्षिणेकडच्या कारखान्यांना. नदीच्या दोन्ही काठांवरचे सुमारे ५७,००० टोंगा लोक उठवले गेले. पूर ओसरला की गाळाच्या ओलीवर ते काठाने पीक घेत. त्यांना नदीपासून तोडून परक्या जमिनीवर नेऊन बसवले. १९५८ च्या सप्टेंबरात एका गावाने हलायला नकार दिला तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आठ माणसे मेली. कोयनेच्या धरणग्रस्तांची हकिगत ज्यांच्या घरात आहे, त्यांना यापुढचे सांगायची गरज नाही. कर्ज काढायचे की नाही, हे या माणसांना कोणीही विचारले नव्हते.

१९६० साली आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी जागतिक बँकेची आयडीए ही सवलतीच्या कर्जाची शाखा निघाली. ५० वर्षांची मुदत, पहिली १० वर्षे मुद्दल फेडायचे नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. नव्या देशांना हा मोठाच आधार होता. पण हा पैसा श्रीमंत देशांनी ठराविक वर्षांनी घातलेल्या भरीवर चालतो. दरडोई उत्पन्न ठरलेल्या रेषेखाली हवे, आणि पुढे तर धोरणे नि कारभार यांना बँकेचे अधिकारी किती गुण देतात, त्यावर वाटा ठरू लागला.

म्हणून स्वतःची बँक काढण्याची धडपड मला फार मोलाची वाटते. लायबेरियाचे बँकर रोमिओ हॉर्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या नऊ देशांच्या समितीने मसुदा केला, ४ ऑगस्ट १९६३ रोजी खार्टूममध्ये २३ सरकारांनी करारावर सह्या केल्या. आफ्रिकी विकास बँकेचे अधिकृत भांडवल २५ कोटी डॉलर ठरले आणि सभासद फक्त आफ्रिकी. पहिले अध्यक्ष सुदानचे मामून बेहेरी, मुख्यालय कोत दिव्हारमधल्या आबिजानला. १९६७ साली पहिले कर्ज गेले केनियातल्या रस्त्यांसाठी. परक्या भांडवलदाराला मतच नको, हा निर्धार त्यांनी जवळजवळ दोन दशके पाळला. परंतु सभासदच गरीब, तर भांडवल येणार कुठून? १९७२ साली सवलतीच्या कर्जासाठी बाहेरच्या देशांचा पैसा घेऊन आफ्रिकी विकास निधी निघाला, आणि बरीच वर्षे विरोध झाल्यावर १९८२ अखेर बँकेचेही दार उघडले. दोन तृतीयांश भाग आफ्रिकेकडे, अध्यक्ष आफ्रिकीच, मुख्यालय आफ्रिकेतच, या अटींवर. भारत १९८३ साली सभासद झाला.

तोवर दिवस फिरले होते. कोको, कॉफी, तांबे यांचे भाव तेजीत असताना कोत दिव्हार, कॅमेरून यांसारख्या देशांनी जागतिक बँकेकडून बाजारभावाच्या जवळचे कर्ज काढले होते. भाव कोसळले, हप्ते तसेच राहिले. रचनात्मक फेरबदलाच्या अटींवर, म्हणजे सरकारी खर्च कापा, बाजार खुले करा अशा अटींवर, नवी कर्जे आली. १९८८ पासून तर आयडीएच्या सवलतीच्या पैशातून जुन्या महाग कर्जाचे व्याज भागवायला मदत होऊ लागली. आपल्या सोसायट्यांत याला नवं-जुनं करणे म्हणतात. कागदावर खाते चालू राहते, शेतात काही येत नाही. नायजेरिया, कॅमेरून, झिम्बाब्वे हे उत्पन्न वाढल्याने आयडीएच्या यादीतून बाहेर पडलेले देश पुन्हा त्या यादीत आले. आफ्रिकी विकास बँकेचीही थकबाकी वाढली, १९९५ साली तिचे पतमानांकन उतरले. त्याच वर्षी नियम झाला की पत असलेल्यांनाच बँकेचे मुख्य कर्ज, बाकी बहुसंख्यांनी निधीवर भागवावे. हा नियम सैल व्हायला २०१४ उजाडले.

१९९६ च्या कर्जमाफी योजनेने आणि २००५ च्या श्रीमंत देशांच्या (जी-८) ग्लेनइगल्स परिषदेतल्या निर्णयाने बऱ्याच देशांची पाटी कोरी झाली. युगांडाचा नंबर पहिला लागला. थकबाकीदार मात्र दाराबाहेरच राहिले. सोमालियाची जागतिक बँकेची थकबाकी २०२० साली मिटली, सुदानची २०२१ साली. झिम्बाब्वेची २००० सालापासून तशीच आहे.

त्याचा परिणाम पुन्हा करिबावरच दिसतो. सांडव्यातून पडणाऱ्या पाण्याने भिंतीच्या पायथ्याशी ८० मीटरच्या आसपास खोल खड्डा पडला, तो भिंतीकडे सरकू नये म्हणून २०१४ नंतर दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा लागला. धरण झांबिया आणि झिम्बाब्वे दोघांच्या मालकीचे. झिम्बाब्वे थकबाकीदार, म्हणून जागतिक बँकेचे साडेसात कोटी डॉलरचे कर्ज एकट्या झांबियाच्या नावावर काढले गेले.