सायकल शर्यत (रस्त्यावरील) : क्षमता व कौशल्य

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचा निकाल दोन गोष्टींवर ठरतो : स्वाराच्या पायांत ताकद किती आहे आणि त्यातली शेवटच्या पाच किलोमीटरसाठी किती उरली आहे. पहिली सरावाने कमावता येते. दुसरी घोळक्यात राहूनच शिकावी लागते, आणि बहुतेक नवखे इथेच मागे पडतात.

याचे मूळ हवेच्या रोधात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाने जाताना स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ४० वरून ५० किमी गाठायला ती जवळपास दुप्पट लागते. पुढच्याच्या चाकामागे अर्ध्या मीटरवर राहिल्यास सुमारे पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात आणखी बरीच. घोळक्याच्या शेपटाला मात्र राहू नये. वळणावर पुढचे वेग कमी करतात, मागचे त्याहून जोरात ब्रेक दाबतात, आणि वळण संपताच तुटलेले अंतर भरायला त्यांना प्रत्येक वेळी स्प्रिंट (थोड्या अंतराची पूर्ण जोराची धाव) मारावा लागतो. अशा तीस-चाळीस वळणांनंतर ताकदवान स्वाराचेही पाय जड होतात. म्हणून जागा पहिल्या वीस जणांत धरावी. वारा डावीकडून आडवा असेल, तर आडोसा पुढच्याच्या मागे उजव्या अंगाला मिळतो. म्हणून स्वार तिरकी रांग धरतात. या रांगेने रस्त्याची रुंदी भरली की उरलेले कडेला एकामागे एक लटकतात, त्यांना आडोसाच नसतो, आणि घोळका तिथे फुटतो.

आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवणे ही पडण्याची नेहमीची वाट. चाके घासली तर पुढचा बहुधा सावरतो, मागचा पडतो. नजर समोरच्या टायरवर खिळवू नये. त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता पाहावा.

चढावर आडोशाचा फायदा घटतो आणि दर किलो वजनामागे किती वॅट (शक्तीचे एकक), हे मोजमाप चालते. २४० वॅट टिकवणारा ६० किलोचा स्वार (४ वॅट प्रतिकिलो) २७० वॅटच्या ७५ किलोच्या स्वाराला (३.६) घाटात मागे टाकतो. मुंबई-पुणे शर्यतीत भोर घाटाची चढण हेच करते. तिथे पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान आहे. चढण सुरू होताना पुढे असावे, म्हणजे थोडे मागे सरकले तरी घोळका सुटत नाही. पहिल्याच मिनिटात दम भरेपर्यंत रेटणारा अर्ध्या घाटात ढेपाळतो.

ही ताकद मोजायला २० मिनिटे पूर्ण जोर लावून सरासरी वॅट काढतात आणि त्याच्या ९५ टक्के म्हणजे तासभर टिकणारी पातळी धरतात. सरावात एके दिवशी तिच्या आसपास २० मिनिटांच्या दोन फेऱ्या, दुसऱ्या दिवशी ४ मिनिटांच्या पाच जोरदार फेऱ्या, मध्ये तेवढीच विश्रांती. आठवड्यातले उरलेले तास गप्पा मारता येतील अशा संथ वेगाने. रोज मध्यम जोर लावणारा कायम थकलेला राहतो आणि वेगवान होत नाही.

दोन तासांहून लांब शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे केवळ केळ्यांवर भागत नाही. साखर-मिठाचे पाणी जोडीला हवे. खाणे पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करावे. हातपाय गळाल्यावर खाल्लेले त्या शर्यतीत फारसे उपयोगी पडत नाही.

उतारावर ब्रेक वळणाआधी दाबावा, बाहेरचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा, हात हँडलच्या खालच्या भागात आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणात ब्रेक घट्ट दाबला की टायरची पकड सुटते. २०२२ च्या मिलान-सान रेमो या इटलीतल्या शर्यतीत स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने पोज्जो या शेवटच्या टेकडीच्या उतारावरच सगळ्यांना मागे टाकून विजय मिळवला.

निसटण्याची वेळ इतर दमलेले असताना साधावी : चढण संपताच किंवा आधी निसटलेल्यांना घोळक्याने गाठल्यावर लगेच. घोळक्यातून अंतिम स्प्रिंटला वारा समोरून असेल तर १५० मीटरपर्यंत आडोसा सोडू नये. पाठीमागून असेल तर २५० मीटरवरून सुटता येते. गिअर फार जड ठेवला तर वेग यायच्या आत रेषा येते. रेषेवर हात ताठ करून सायकल पुढे ढकलावी, आणि हात वर करणे ती ओलांडल्यावरच. २००४ च्या मिलान-सान रेमोत जर्मनीच्या एरिक त्साबेलने रेषेआधीच हात उंचावले. स्पेनच्या ऑस्कर फ्रेरेने सायकल पुढे ढकलून शर्यत जिंकली.