मोगलाईतले मास्तर: मराठवाड्यातल्या मिशनरी घरांची पार्श्वभूमी

मिशनरी कुटुंब म्हटलं की डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: कौलारू बंगला, व्हरांड्यात वेताची खुर्ची, टोपीवाला साहेब आणि छत्री घेतलेली मडम. चित्र खोटं नाही. पण मराठवाड्यात परमुलखात घर मांडून सेवा करणाऱ्यांत अशी माणसं थोडीच होती. बाकीची बहुतेक घरं मराठी, नाहीतर देशातल्याच दुसऱ्या समाजांतून आलेली. मराठी माणसाला मराठवाडा परमुलूख कसा, असं कुणीही विचारील. त्यासाठी जुना नकाशा पाहावा लागतो.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोदावरीच्या दक्षिणेला नेवासे इंग्रजी अंमलात, उत्तरेला गंगापूर आणि वैजापूर निजामाकडे. नगरकडचे लोक त्या मुलखाला सरळ मोगलाई म्हणत. टोक्याहून नदी ओलांडून कायगावला उतरलं की कारभारच बदलायचा. कचेरीत उर्दू, नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई, बाजारात हाली शिक्का, म्हणजे निजामाचं नाणं. शंभर इंग्रजी रुपयांना साधारण 116 हाली पडत. पगार एका नाण्यात ठरलेला आणि मीठमिरची दुसऱ्या नाण्यात, म्हणजे मध्ये सराफ आला आणि त्याचा बट्टा आला. महिन्याला हाती मोजकेच रुपये येणाऱ्या घरात बट्ट्याच्या दोन आण्यांनाही किंमत असते.

संस्थानात गोरे आधीपासून होते, पण ते पलटणीतले. हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. छावणीतलं चर्च आणि तिथला पाद्री अधिकाऱ्यांसाठी असे. गावोगाव जाणारं मिशन ही वेगळी गोष्ट. मुंबईत अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये आलं, नगरला त्याचं ठाणं 1831 मध्ये पडलं. मराठवाड्यात मात्र ठळकपणे दिसणारी पहिली माणसं अमेरिकन नव्हती.

जालन्याला नारायण शेषाद्री होते. जन्माने ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनकडे जायचं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, मुलाला घरच्यांच्या ताब्यात देण्यात आलं आणि त्याला शुद्ध करून घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. सनातन्यांनी त्यावरून शास्त्रीबुवांनाच धारेवर धरलं. ज्या घरातून निघालो त्या घरी परतायची वाट अशी बंद झालेले नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात आले. दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत हेच शेषाद्री डोक्यावर पगडी घालून बोलायला उभे राहिले. तिकडे ते हिंदुस्थानातले पाहुणे, इकडे बाटलेले ब्राह्मण आणि ज्यांच्यात काम करायचं ते मुख्यतः महार-मांग. तिन्ही ठिकाणी उपरेच.

औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले पाळक होते. वैजापूर तालुक्यात घोगरगावला फ्रेंच फादर गुरियन जाकियर. लोकांचे जाकियर बाबा. फादरला संसार नसतो. त्यामुळे कॅथलिक गावांत कुटुंब म्हणजे गावात मिशनची शाळा चालवणाऱ्या मास्तरांचं कुटुंब.

मास्तर हा या सगळ्या कारभाराचा कणा. साहेब किंवा फादर महिन्या-दोन महिन्यांनी दमणीतून नाहीतर घोड्यावरून यायचे, मास्तर कायम गावात. सकाळी पोरांना मुळाक्षरं, दुपारी कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला तापाची पुडी दे, संध्याकाळी प्रार्थना. पगार मास्तरांचा आणि काम दोघांचं, असाच पुष्कळदा हिशेब. बायकांशी बोलायचं, मुलींना शाळेत आणायचं, बाळंतिणीकडे जायचं ही कामं मास्तरीणबाईंची. मिशनच्या कागदांत त्यांचं नाव फार क्वचित येतं, आणि हा माझ्या मते त्या कागदांचा सगळ्यात मोठा दोष.

घर कुठे मिळायचं? गावकुसाबाहेर, महारवाड्याला लागून. शाळेची खोली तीच उपासनेची आणि तिच्याच मागे चूल. पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून. धर्म बदलला म्हणून गावच्या विहिरीची शिवाशिव बदलत नव्हती. मास्तर शिकलेले, अंगात कोट, पण बाईंना घागर घेऊन विहिरीच्या कडेला उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट पाहायची. जमेल तिथे मिशनच्या आवारात विहीर खणली जाई ती याचसाठी. बंगल्यात मात्र भिस्ती पाणी भरायचा, खानसामा स्वयंपाक करायचा, आया मुलं सांभाळायची आणि पंडित साहेबाला मराठी शिकवायचे. साहेबाच्या परक्या संस्कृतीतल्या संसाराचा भार असा स्थानिक खांद्यांवर होता.

एका बाबतीत मात्र बंगला आणि मास्तरांची खोली सारखीच होती. मुलं दोन्ही घरांतून लांब जायची. साहेबाची मुलं मसुरीला किंवा 1901 मध्ये सुरू झालेल्या कोडाईकनालच्या शाळेत, त्यापुढे समुद्रापार. मास्तरांची मुलं नगरच्या बोर्डिंगात, कारण संस्थानात वरचं शिक्षण उर्दूतून. 1918 मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे झाली तेव्हा औरंगाबाद-जालन्याहून जाणंयेणं सोपं झालं. आडगावच्या मास्तरांना स्टेशनपर्यंत बैलगाडीच.

त्याच सुमाराला, 1899-1900 मध्ये, मोठा दुष्काळ पडला. मिशनची ओळख धर्मापेक्षा धान्याशी जुळली ती तेव्हा, आणि ‘पोटासाठी झाले’ हा टोमणाही तेव्हापासूनचा. भुकेल्याने भाकरी घेतली यात लाजण्यासारखं काय, हे टोमणा मारणाऱ्यांनी कधी सांगितलेलं नाही.

उपासनेचं वळण मात्र इथल्याच मातीचं राहिलं. एकनाथांचं पैठण आणि नामदेवांचं नरसी ज्या मुलखात, तिथे ऑर्गनवरची परकी चाल किती दिवस टिकणार? ख्रिस्ती कीर्तन नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केलं होतं, पुढे ना. वा. टिळकांची भजनं आली. टाळ-मृदंग घेऊन मास्तर रात्री उभे राहिले की ख्रिस्ती नसलेलेही ऐकायला बसत.

1948 नंतर करोडगिरी गेली, हाली शिक्का गेला, 1960 मध्ये मराठवाडा महाराष्ट्रात आला. परदेशी कुटुंबं कमी होत गेली. 1970 मध्ये उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, 1977 मध्ये औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर ‘कासा’सारख्या ख्रिस्ती संस्थांनी मदतीचं काम केलं. आज इथल्या मिशन शाळांत आणि दवाखान्यांत केरळच्या सिस्टर मराठी शिकताना दिसतात.

बंगल्यांतली पत्रं परदेशात नीट जपलेली आहेत; अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्डला, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅमला. मास्तरांच्या घरांचा माग काढायचा तर 1842 पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक आणि मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, बाप्तिस्मा-नोंदवह्या, एवढाच आधार. नोंदवह्या अजून बऱ्याच ठिकाणी चर्चच्या कपाटात पडून आहेत. ज्यांचे आजे-पणजे मोगलाईत मास्तर होते त्यांनी पाळकांकडे त्या मागून निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत, कारण वाळवी आधीच कामाला लागलेली आहे.