पशुरोग निगराणी, डिजिटल

कोणतं जनावर, कोणाचं, कुठल्या गावातलं, त्याला काय झालं, कधी झालं, लस कधी टोचली, ही सगळी माहिती कागदाऐवजी मोबाइल-कॉम्प्युटरवर नोंदवायची आणि त्यावरून साथ कुठे उठतेय, कुठे सरकतेय हे वेळेत ओळखायचं, अशी पद्धत. भारतात हे काम केंद्राचा पशुपालन विभाग, राज्यांची पशुचिकित्सा खाती, आणंदचं राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ आणि बेंगळुरूची निवेदी ही संस्था अशा चार ठिकाणी वाटलेलं आहे.

आधी शब्दाचं बघू. मराठी पेपरांत ‘सर्वेक्षण’ छापतात, पण एकदा फिरून मोजून आलं की सर्वेक्षण संपतं, निगराणी संपत नाही. ‘पाळत’ म्हटलं की पोलीस आठवतात. इंदूरकडे आपण मराठी लोक हिंदीच्या शेजाराने निगराणीच म्हणतो, आणि हा शब्द मराठीत जुनाच आहे, म्हणून इथे तोच घेतलाय. अमेरिकन साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी 1963 मध्ये माणसांच्या रोगांसाठी जी व्याख्या मांडली तिचा गाभा असा की माहिती सतत गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि ज्याला कृती करायची आहे त्याच्यापर्यंत ती परत पोचवायची. पशुवैद्यकातही आता तीच धरतात. यातला तिसरा भाग, म्हणजे माहिती परत पोचवणं, आपल्याकडे सगळ्यात कमी होतो.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण 1871 च्या अहवालापासून धरतात, म्हणजे हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या गुरांच्या प्लेगच्या आयोगापासून, कारण देशभरातून गुरांच्या साथींची माहिती एकत्र मागवायचा तो पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. काही 1919-20 च्या पहिल्या पशुगणनेकडे बोट दाखवतात. त्यांचं म्हणणं असं की एकूण जनावरं किती हेच माहीत नसेल तर शंभर आजारी जास्त की कमी हे कसं ठरवणार, आणि हा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. तिसरं मत 1987 च्या आसपास सुरू झालेल्या अखिल भारतीय पशुरोग निगराणी प्रकल्पाचं, ज्यातून पुढे आजची निवेदी उभी राहिली. प्रस्तुत नोंदीत मात्र जरा झुकतं माप बुळकांडीला, म्हणजे गुरांच्या त्याच प्लेगला (रिंडरपेस्ट) दिलंय. 1990 च्या दशकात बुळकांडी निर्मूलनासाठी पथकं गावोगाव, गुरांच्या वाटांवर, बाजारात जाऊन ‘असा आजार दिसला का’ विचारत हिंडली, आणि त्यांना सिद्ध करायचं होतं ते रोग नाही हे. रोग आहे हे एका नमुन्यावरून कळतं, पण रोग नाही म्हणायला हजारो ठिकाणी ‘नाही दिसला’ असं लिहिलेलं लागतं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य अहवाल, म्हणजे रोग दिसला नाही तरी तसं कळवणारा अहवाल, पाठवायची जी सक्ती असते तिची मुळं बहुधा इथेच आहेत. भारतात बुळकांडीची शेवटची नोंद 1995 ची, रोगमुक्तीचा दाखला 2006 चा, आणि 2011 मध्ये जगातूनच हा रोग संपल्याचं जाहीर झालं.

बुळकांडीचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली, तिथे हा रोग पसरला, आणि त्या धसक्यातून 1924 मध्ये पॅरिसला 28 देशांनी मिळून जागतिक पशुआरोग्य संघटना काढली, जिच्याकडे आज जगभरचे देश ऑनलाइन साथी कळवतात. म्हणजे एकमेकांना रोग कळवायची जगाची सवय आपल्याकडच्याच गुरांमुळे लागली म्हणायची.

आता आत्ताच्या व्यवस्थेकडे. सगळ्याच्या मुळाशी आहे कानातला पिवळा टॅग, त्यावरचा 12 आकडी नंबर, ज्याला पशुआधार म्हणायची रीत पडलीय. डेअरी मंडळाने इनाफ नावाची माहितीप्रणाली बनवली ती मुळात पैदास, रेतन, दूध यांच्या नोंदींसाठी जास्त, आरोग्य त्यात मागून वजनदार झालं. 11 सप्टेंबर 2019 ला मथुरेहून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस (गाभ टाकायला लावणारा रोग) यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपयांचा, आणि लस टोचली की टॅगवर नोंद झालीच पाहिजे असं ठरल्यावर हा डेटा एकदम फुगला. पुढे इनाफची जागा ‘भारत पशुधन’ने घेतली. याच्या बाजूला एनएडीआरएस नावाचं वेगळं जाळं आहे, साधारण 2010 नंतरचं, ज्यात ब्लॉक, जिल्हा, राज्य असे साथीचे अहवाल वर चढतात. आणि निवेदीचं नाड्रेस, जे पाऊस, तापमान, हिरवळ, जनावरांची संख्या आणि जुन्या साथी जुळवून डझनाहून जास्त रोगांचा जिल्हावार अंदाज दोन महिने आधी देतं. टॅगच्या नोंदी, साथीचे अहवाल आणि अंदाज ही तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांसाठी जन्मली, त्यामुळे एकमेकांशी सहज बोलत नाहीत.

एकेका जनावराची नोंद का लागते हे ब्रुसेल्लोसिसवरून छान समजतं. 4 ते 8 महिन्यांच्या फक्त मादी वासराला, आयुष्यात एकदाच, स्ट्रेन 19 ची जिवंत लस. ती टोचलेल्या गायीच्या रक्तात नंतरही प्रतिपिंडं सापडू शकतात आणि तपासणीत ती रोगी वाटू शकते, म्हणून हिला लस दिली होती का हे वर्षांनंतरही कळायला हवं. लाळ्या-खुरकूताची गोष्ट उलटी, ती लस दर सहा महिन्यांनी, ओ, ए आणि आशिया-1 या तीन प्रकारांविरुद्ध, आणि लसवाल्या जनावरांतून खरोखर संसर्ग झालेलं वेगळं काढायला विषाणूच्या अशा प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात जी शुद्ध केलेल्या लशीत जवळजवळ नसतात. प्रयोगशाळेचा हा निकाल टॅगच्या नंबराशी जोडला गेला नाही तर तो नुसता एक आकडा राहतो.

नोंद प्रत्यक्षात कशी होते ते इंदूरजवळच्या राऊच्या बाजूला एका मराठी कुटुंबाच्या गोठ्यात बघायला मिळालं. आठ गायी, दोन म्हशी. टोचायला आलेला मुलगा कानाशी वाकून म्हणाला, काकू, हिचा नंबर वाचताच येत नाहीये, तीन आहे का आठ? काकूंनी पदरानेच कान पुसला, म्हणाल्या, आता बघ रे बाळा. शेण आणि चिखल बसून आकडे असे होतात, आणि एका गायीचा तर टॅगच नव्हता, दाव्यात अडकून तुटला, कानाला फक्त चीर राहिलेली. त्याने सगळे नंबर वहीत लिहून घेतले कारण गोठ्यात नेट नव्हतं, फोनमध्ये रात्री घरी जाऊन चढवणार होता. काकूंकडे स्वतःची एक जुनी डायरी होती, कुठली गाय कधी माजावर आली, कधी भरवली, कधी व्याली, कधी खाणं सोडलं, सगळं तारखेनिशी, पेन्सिलीने. एका गायीचं खाणं सुटलं होतं मंगळवारी, मुलाने वहीत लिहिलं शुक्रवारी, आणि पोर्टलवर चढलं तर ते शनिवारच्या तारखेने चढणार. रोग दिसल्याची, कळवल्याची आणि नोंदवल्याची अशा तीन तारखा वेगळ्या ठेवा असं जगभरातले साथरोगतज्ज्ञ सांगतात ते याच्यासाठीच, कारण साथ किती वेगाने पळतेय हे पहिल्या तारखेवरून कळतं आणि आपल्या हातात बहुतेक वेळा तिसरीच असते.

नावांचा घोळ याहून जुना. यंत्राला एका रोगाला एक कोड लागतो, माणसं तसं बोलत नाहीत. लाळ्या-खुरकूत इकडे हिंदीत खुरपका-मुंहपका, फऱ्याला लंगडी किंवा एकटांग्या, फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. घटसर्प तर मराठीत जनावरांच्या गळसुजीलाही म्हणतात आणि माणसाच्या डिप्थीरियालाही, आणि हिंदीतल्या गलघोंटूचंही तेच, पण जंतू पूर्ण वेगळे. अंगावर गाठी-फोड दिसले की जुनी माणसं सरळ देवी किंवा माता म्हणतात, मग ती विषाणूने होणारी लम्पी असो की आणखी काही. म्हणून रोगाचं नाव न विचारता लक्षणं विचारून नोंदवायची, ताप, लाळ, लंगडणं, गाभण जनावराने गाभ टाकणं, याला लक्षणाधारित निगराणी म्हणतात आणि खेड्यापाड्यासाठी हीच जास्त भरवशाची वाटते.

लम्पीने या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा घेतलीच. भारतात तो 2019 मध्ये ओडिशात दिसला, 2022 मध्ये कच्छमधून सौराष्ट्र, राजस्थान असा वर चढला आणि पावसाळ्यात माळव्यातही आला, रतलामच्या बाजूने. माशा, डास, गोचीड यांच्यावाटे पसरणारा रोग जिल्ह्याची हद्द बघत नाही, पण अहवाल जिल्ह्याजिल्ह्याने जातात. लागणीचे आकडे तरी बऱ्यापैकी आले, मेलेल्यांचे नाही, कारण गाय गेली की घरात दुःख असतं, तिचा टॅग बंद करा म्हणून कोण फोन करणार. असे टॅग डेटात जिवंतच राहतात आणि शेकडा किती आजारी हे काढताना भागाकाराचा खालचा आकडा, म्हणजे एकूण जनावरांचा, फुगवतात. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 19 कोटी गोवंश आणि 11 कोटी म्हशी, त्यातला मध्य प्रदेशातला गोवंश सुमारे 1.87 कोटी. त्या गणनेत पहिल्यांदा टॅबलेट वापरले गेले, पण गणनेचा आकडा आणि टॅगांचा आकडा कधी जुळवून बघितला की फरक पडतोच.

कायद्याची बाजू भक्कम आहे. 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याने यादीतला रोग दिसला की मालकाने गावपातळीवर कळवणं बंधनकारक आहे. 1962 हा फुकट फोन नंबर आणि 2023 पासून मध्य प्रदेशात फिरणारे पशुवैद्यकीय दवाखाने यांमुळे कळवणं सोपं झालंय, आणि त्या कॉलची वेळ, गाव, तक्रार ही स्वतःच निगराणीची चांगली सामग्री आहे.

पक्ष्यांचं वेगळं. डिसेंबर 2020 च्या अखेरीला इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मरून पडले, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि एच5एन8 बर्ड फ्लू निघाला. कावळ्याला ना मालक ना टॅग, तिथे कुठल्या पोर्टलने नाही, झाडाखाली मेलेले पक्षी बघणाऱ्या माणसांनीच साथ पकडली. याआधी 2006 मध्ये नवापूरला पोल्ट्रीत बर्ड फ्लू आला होता, पण कोंबड्यांची नोंद घराघरातली नसून पोल्ट्री फार्मची असते.

शेळ्या-मेंढ्यांबद्दल लिहिण्यासारखं कमीच हाती लागतं. दरवर्षी मारवाडकडून रायका हे मेंढपाळ लोक मेंढरं घेऊन माळव्यात उतरतात, रानात, कापणी झालेल्या शेतात बसतात, पावसाआधी परत फिरतात. भरायच्या फॉर्ममध्ये मालकाचं गाव हा एकच रकाना, आणि तिथे राजस्थानातलं गाव लिहिलं जातं, मेंढरू देवासजवळ आजारी पडलं तरी.