जॅक जॉन्सन : हेवीवेट किताब आणि वर्णरेषा

हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा विश्वविजेता गोराच असावा, असे मुष्टियुद्धाच्या कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नव्हते. तरीही १९०८ पर्यंत तसेच घडत आले. आव्हान कोणाचे स्वीकारायचे हे त्या काळी विजेत्याच्या मर्जीवर असे. जॉन एल. सलिव्हनने कृष्णवर्णीयांशी न लढण्याचा पायंडा पाडला आणि जेम्स जेफ्रीजनेही विजेता म्हणून तोच चालू ठेवला.

हा पायंडा मोडणारा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याचा जन्म १८७८ मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हस्टन बंदरात, पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. १९०१ मध्ये त्याच गावी अनुभवी ज्यो कॉयन्स्कीने त्याला तिसऱ्या फेरीत लोळवले. टेक्सासमध्ये अशा लढतींना बंदी असल्याने दोघांचीही तुरुंगात रवानगी झाली. तेथील सुमारे तीन आठवड्यांत कॉयन्स्कीने त्याला बचावाचे जे धडे दिले, ते त्याला जन्मभर पुरले. १९०३ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांसाठीचा वेगळा हेवीवेट किताब मिळवला, पण मुख्य किताबाची दारे बंदच राहिली.

ती उघडली पैशाने. नवा विजेता टॉमी बर्न्स याचा पिच्छा पुरवत जॉन्सन ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. आयोजक ह्यू मॅकिन्टॉशने बर्न्सला सुमारे ३० हजार डॉलर कबूल केले, तेव्हा तो तयार झाला. आव्हानवीराच्या वाट्याला जेमतेम ५ हजार आले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत झालेली ही लढत एकतर्फी होती. जॉन्सन प्रतिस्पर्ध्याशी टोमणे मारत बोलत होता, हसत होता, आणि कोसळू पाहणाऱ्या बर्न्सला मधूनच सावरून धरून पुन्हा ठोसे लगावत होता. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही बंद पाडले, त्यामुळे गोऱ्या विजेत्याचा शेवट पडद्यावर दिसलाच नाही.

पुढे ‘गोऱ्या आशास्थाना’चा, म्हणजे जॉन्सनला हरवू शकेल अशा गोऱ्या मुष्टियोद्ध्याचा, शोध सुरू झाला आणि निवृत्त जेफ्रीजला परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी नेव्हाडातील रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवले. त्याच रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मारली गेली. मृतांत बहुतांश कृष्णवर्णीय होते. ठिकठिकाणी या लढतीच्या चित्रपटावर बंदी आली, आणि १९१२ मध्ये संसदेने मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर कायद्याने बंदी घातली.

रिंगमध्ये जे साधले नाही ते न्यायालयात साधले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. गोऱ्या स्त्रियांशी जॉन्सनचे उघड संबंध होते. स्त्रियांना ‘अनैतिक हेतूने’ राज्याबाहेर नेण्यास मनाई करणाऱ्या मॅन कायद्याखाली १९१३ मध्ये सर्व सदस्य गोरे असलेल्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. तो देश सोडून पळाला, ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात जेस विलार्डकडून सव्विसाव्या फेरीत हरला, आणि १९२० मध्ये परतून त्याने शिक्षा भोगली. १९४६ मध्ये मोटार अपघातात त्याचे निधन झाले. राष्ट्राध्यक्षांची माफी २०१८ मध्ये मिळाली.

मात्र विजेता असताना सॅम लँगफर्ड आणि ज्यो जेनेट या तोडीच्या कृष्णवर्णीय योद्ध्यांना त्यानेही किताबाची संधी दिली नाही. तिकीटबारीवर गल्ला जमायचा तो गोऱ्या आव्हानवीरामुळे, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. पुढचा कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता ज्यो लुई १९३७ मध्ये झाला. हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर हसायचे नाही आणि गोऱ्या स्त्रियांसोबत छायाचित्र काढू द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला आधीच देऊन ठेवली होती.