झाडू उचलण्याआधी घर कशाचं आहे ते बघा

परवा साफसफाई करताना भिंतीवरच्या एका जुन्या फोटोफ्रेममागून मुठीएवढा मातीचा गोळा निघाला. घरात लगेच ओरड झाली, ‘गांधीलमाश्यांचं पोळं!’ मी स्क्रू-ड्रायव्हरने त्याचा कोपरा फोडला. आत बोटाच्या पेराएवढ्या लांबट खोल्या होत्या आणि पहिल्याच खोलीत बारीक कोळी ठासून भरलेले. मोजले, तर अकरा निघाले. मेलेले नव्हते, काडीने डिवचल्यावर एकाचा पाय किंचित हलला. त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक फिकट अळी निवांत जेवत होती.

हे कुंभारणीचं घर. कुंभारीण ही मातीचं घर बांधणारी माशी, आणि ती एकटी राहते. ना राणी, ना कामकरी, ना पहारा. ओली माती गोळा गोळा करून आणायची, खोली लिंपायची, नांगी मारून लुळी केलेली शिकार आत भरायची, अंडं घालायचं आणि तोंड बुजवून निघून जायचं. काही जाती कोळी भरतात, काही हिरव्या अळ्या. जुना कीटकभृंग न्याय यातूनच आला, त्यातला भृंग म्हणजे हीच माशी. मडक्यात अळी गेली आणि काही दिवसांनी तिथून भृंग बाहेर पडला, तेव्हा भृंगाच्या ध्यासाने किडाच भृंग झाला, असं जुन्या लोकांना वाटलं. निरीक्षण पक्कं होतं. मधल्या काळात बंद मडक्यात कोण कोणाला खातंय, तेवढं दिसलं नव्हतं.

कुंभारीण घराच्या रक्षणासाठी सहसा अंगावर येत नाही. मुठीत पकडली किंवा कपड्यात अडकली तरच चावते. त्यामुळे मातीचं घर दिसलं तर घाबरायचं कारण नाही. वर गोल भोक असेल तर पिल्लू उडून गेलेलं असतं, पत्र्याच्या तुकड्याने खरवडून टाका. प्लगच्या भोकात किंवा एसीच्या पाण्याच्या नळीत माती भरली असेल तर मात्र काढावीच लागते, आणि सॉकेटला हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

कागदाचं घर वेगळं. खिडकीच्या ग्रीलवर, सज्जाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे राखाडी रंगाची, उलट्या छत्रीसारखी चकती लटकते. खालून बघितलं की षटकोनी घरं उघडी दिसतात. ही खरी गांधीलमाशी. लाकडाचा, वाळक्या काड्यांचा तंतू खरवडून, लाळेत मळून ती चक्क कागद बनवते. अख्खं पोळं एका बारीक देठावर तोललेलं असतं आणि त्या देठाला ती मुंग्यांना न मानवणारा स्राव फासते. मुंगी हा तिचा मोठा शत्रू, म्हणून वाट एकच आणि तीही अरुंद.

आपल्याकडच्या तांबूस-तपकिरी गांधीलमाशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं काम केलंय. हिची राणी अगदी गरीब स्वभावाची. पण तिला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांतच एक कामकरी माशी भलतीच आक्रमक होते आणि पुढची राणी तीच बनते. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. इंटरनेटवर ‘थंडी पडेपर्यंत थांबा, पोळं आपोआप रिकामं होईल’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो थंड देशांतला आहे. पुण्या-मुंबईत या माशीचं पोळं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात सुरू होऊ शकतं आणि एका राणीमागून दुसरी अशी ते चालूही राहतं.

पोळं सुपारीएवढं असेल, त्यावर एक-दोनच माश्या असतील, तर त्या बाहेर गेल्याची खात्री करून लांब काठीने ते पाडता येतं. अंगात पूर्ण बाह्या हव्यात आणि मागे उघडं दार. माशी पुन्हा तिथेच बांधायला बघेल, तर दोन-चार वेळा पाडायची तयारी ठेवा. तळहाताएवढं झालं की पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. आणि उंच फांदीवर, जिथे कोणाचा हात पोहोचत नाही तिथे असेल, तर राहू द्या. बागेतल्या अळ्या वेचण्याचं काम ती फुकट करते.

माश्या पंख उभारून तुमच्याकडे तोंड करून बसल्या, तर तो इशारा समजा आणि सावकाश मागे व्हा. काठीला बोळा बांधून पेटवणं, पाण्याचा फवारा मारणं, स्टुलावर चढून स्प्रे मारणं हे प्रकार नकोत. यात भाजून किंवा पडून होणारी इजा डंखापेक्षा मोठी असते. झाडाच्या ढोलीत किंवा छपराखाली कवच असलेलं पोळं असेल आणि काळ्या, पोटावर ठळक पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या माश्या ये-जा करत असतील, तर जवळ जाऊच नका. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीला लटकलेली एकच मोठी काळपट चकती म्हणजे आग्या मोहोळ. त्या मधमाश्या. तेही काम जाणकाराचंच.

चावलीच तर हात झाडत उभं राहू नका, आत जाऊन दार लावा. मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते, ती पटकन काढून टाकायची. गांधीलमाशीची सहसा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, बोटात अंगठी असेल तर सूज चढण्याआधी काढा. लोखंड घासणं, चुना लावणं हे आजीच्या मायेपोटी करू दिलं तरी विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरच्या चुन्याने त्याला काही होत नाही.

डंखाच्या जागी गांध उठणं ठीक. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, उलटी किंवा भोवळ आली, तर वाट बघू नका, 108 ला फोन करा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिनिटांत मिळावं लागतं. आणि एकाच वेळी बरेच डंख झाले असतील, तर माणूस हसत-बोलत असला तरी दवाखान्यात न्या. विषाचा परिणाम मूत्रपिंडावर नंतर दिसू शकतो, कधी लघवी चहासारखी काळसर झाल्यावरच तो कळतो.