सांडपाण्याने विहीर बिघडली असेल, तर हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज कसा करावा

कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरीचे पाणी बिघडले, पीक जळाले किंवा जनावरे दगावली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १५ खाली भरपाई मागता येते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील अर्ज या न्यायाधिकरणाच्या, म्हणजेच हरित लवादाच्या, पुणे खंडपीठापुढे चालतात. नुकसान खरे असूनही अनेक अर्ज मुदत किंवा पुरावा या दोन मुद्द्यांवर अडतात, म्हणून येथे त्यांवरच अधिक लिहिले आहे.

अर्ज बाधित व्यक्ती, मालमत्तेचा मालक, मृताचे वारस, त्यांनी अधिकार दिलेला प्रतिनिधी किंवा बाधितांची संघटना करू शकते. मात्र वाद अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील कायद्यांशी निगडित असावा लागतो. १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम त्यात आहे, महाराष्ट्राचा भूजल अधिनियम नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरने आपली विहीर आटली, एवढ्याच तक्रारीसाठी हा मार्ग उपयोगाचा नाही.

मुदतीचा घोळ सर्वांत महागात पडतो. भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, हे ऐकून लोक निश्चिंत राहतात. पण सांडपाणी बंद करा, कारखान्यावर निर्बंध घाला, अशी मागणी कलम १४ खाली येते आणि तिची मुदत अवघी सहा महिने आहे. दोन्ही मुदती दाव्याचे कारण ‘प्रथम’ उद्भवले त्या दिवसापासून मोजल्या जातात आणि सबळ कारण दाखवल्यास जास्तीत जास्त साठ दिवस वाढवून मिळतात. लोक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देतात, स्मरणपत्रे पाठवतात, ‘आपली तक्रार पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आली आहे’ असे उत्तर आले की पुन्हा वाट पाहतात, आणि तेवढ्यात सहा महिने उलटतात. पत्रव्यवहार चालू असल्याने मुदत थांबत नाही. हे एक वाक्य मंडळाच्या प्रत्येक पोचपावतीवर छापायला हवे होते; ते छापलेले नसते, म्हणून अर्जदारानेच लक्षात ठेवावे.

कागदपत्रांत सर्वाधिक अडवणूक सातबारा करतो. आजोबांच्या काळात खोदलेल्या विहिरीची सातबाऱ्यावर नोंद नसते, किंवा असली तरी ती चुलत्याच्या गटावर असते. पिकाचेही तसेच. ज्या हंगामात नुकसान झाले त्या हंगामाची ई-पीक पाहणी केलेली नसेल, तर रानात ऊस उभा होता हे कागदावर कोठेच दिसत नाही. विहिरीची नोंद तलाठ्याकडे अर्ज करून आधी घालून घ्यावी, सामाईक असल्यास इतर हिस्सेदारांची संमती जोडावी, आणि नुकसान दिसताच तलाठी व कृषी सहायक यांच्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करून पोच घ्यावी. अधिकारी फिरकले नाहीत, तर ती पोच तरी हातात राहते. दगावलेल्या जनावराचे शवविच्छेदन पुरण्यापूर्वीच करून घ्यावे; नंतर मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार अवघड जाते.

दुसरा अडथळा पाण्याच्या नमुन्याचा आहे. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरलेले, दिनांक नसलेले तांबूस पाणी घेऊन लोक येतात, आणि त्यांची तळमळ दिसत असूनही त्या बाटलीतून काहीही शाबीत होत नाही. लवाद पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नसला, तरी नमुना कोणी, कोठून आणि केव्हा घेतला हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. म्हणून विहिरीचा नमुना पंचांसमक्ष घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मात्र मंडळाच्या अधिकाऱ्यानेच जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, म्हणजे कारखानदाराला जागेवर नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून आणि ते मोहोरबंद करून घ्यावा, अशी लेखी मागणी करावी. पूर्वी पाणी चांगले होते हेही दाखवावे लागते. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने जवळच्या सार्वजनिक विहिरीचे नमुने तपासायला दिले असतील, तर ते जुने अहवाल मिळवावेत. मंडळाचे पाहणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतात, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि ते दिवसही त्याच सहा महिन्यांतून जातात.

ओढ्यात अनेक कारखान्यांचे पाणी येत असेल, तर नेमका कोणाचा दोष हे शेतकऱ्याला सांगता येत नाही, आणि तसे सांगता येणे कायद्यालाही अपेक्षित नाही. कलम १७ प्रमाणे लवाद अशी जबाबदारी न्याय्य प्रमाणात वाटून देऊ शकतो. त्या सर्व कारखान्यांना, सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असल्यास त्यालाही, आणि प्रदूषण मंडळाला प्रतिवादी करावे.

भरपाईचा आकडा मोघम लिहू नये. दुसऱ्या अनुसूचीत पीक, फळबाग, दुभती व ओढकामाची जनावरे, औषधोपचार, रोजगार अशी शीर्षे आहेत. त्यांनुसार रक्कम मांडावी. जेएनपीटी (न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर) परिसरातील मच्छीमारांच्या प्रकरणात पुणे खंडपीठाने २०१५ साली १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांचा आदेश दिला, तो कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार असा हिशेब मांडून.

मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान एक हजार रुपये, शुल्क भरावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास ते माफ आहे. कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे सातबारा, पंचनामा यांचे इंग्रजी भाषांतर सोबत लागते, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यावरच हा खर्च पडावा हे योग्य नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य आणि अल्प उत्पन्नाचे अर्जदार यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागावा. तो त्यांचा हक्क आहे.

अन्य न्यायालयाकडे किंवा प्राधिकरणाकडे अर्ज केला असेल किंवा तेथून काही रक्कम मिळाली असेल, तर कलम १५ नुसार ते लवादाला कळवणे बंधनकारक आहे. कंपनीकडून टँकरच्या पाण्यासाठी मिळालेली किरकोळ रक्कमही अर्जात लिहावी, आणि ती घेताना ज्या कागदावर सही केली त्याची प्रत आपल्याकडे नसेल, तर कंपनीकडे ती आजच लेखी मागावी.